रिव्हरवर (शेवटच्या पानावर) बेट किती लावायची? हातातली पानं बघून की पूर्ण रेंज (असू शकणारे सगळे हात) बघून?

कर्वेनगर_कॉस्टिंग · शनिवार, सकाळी ११.२०

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे सगळे देते म्हणजे उत्तर देणाऱ्याला चाचपडायला नको.

आम्ही सहा जण दर शुक्रवारी रात्री नऊनंतर माझ्या घरी, कर्वेनगरला, नो-लिमिट होल्डेम खेळतो, म्हणजे हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, आणि बेटला वरची मर्यादा नाही असं पोकर. पैसे अजिबात नाहीत. प्रत्येकाला २००० चिप्स, ब्लाइंड (दोघांनी आधीच सक्तीने घालायच्या चिप्स) १० आणि २०, महिनाअखेरीला वहीत बेरीज. यातले आम्ही तिघं आधी ॲपवर खेळायचो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळणं बंद झालं, आणि मावसभाऊ चिप्सची पेटी घेऊन दारात उभा राहिला. तेव्हापासून हा खेळ मला जास्तच आवडायला लागलाय. पत्त्यांची ओढ जुनीच आहे. गणपतीत मंडळाच्या मांडवात रात्री जागायला बसायचो तेव्हा बाबांनी मेंढीकोट शिकवला होता. दश्शी हातात असताना चेहरा कसा ठेवायचा हे मी तिथे शिकले.

आता मुद्दा. गेल्या शुक्रवारचा हात. मी बटनवर (म्हणजे शेवटी बोलणारी), माझ्याकडे चौकट एक्का आणि किलवर राजा. मी ६० केले, स्मॉल ब्लाइंड गेला (पानं टाकली), बिग ब्लाइंडमधून मावसभावाने कॉल केला (तेवढेच घातले). पॉट, म्हणजे मधल्या एकूण चिप्स, १३०.

फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं): इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट तिर्री. त्याचा चेक (बेट न लावता पास), मी ४५, त्याचा कॉल. पॉट २२०.
टर्न (चौथं पान): बदाम सत्ती. त्याचा चेक, मी १४०, कॉल. पॉट ५००.
रिव्हर: किलवर दुर्री. फ्लश (एका रंगाची पाच पानं) हुकला, कोणाचा स्ट्रेट (ओळीने पाच पानं) शक्य नाही, जोडीही पडली नाही. त्याचा चेक.

मी नेहमीप्रमाणे अर्धा पॉट, २५० लावले. त्याने दोन सेकंदांत कॉल केला आणि राजा-दश्शी दाखवली. जिंकले, पण रात्रभर डोक्यात तेच: त्याने ५०० लाही कॉल केला असता का? ८०० ला?

त्याच रात्री तासाभराने दुसरा हात. टेबलावर बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री, चौकट सत्ती, इस्पिक दुर्री. माझ्याकडे बदाम एक्का आणि बदाम पंजी, म्हणजे सगळ्यात मोठा फ्लश ड्रॉ (फ्लशला एकच पान कमी), हुकलेला. पॉट ४८०. मी २४० चा ब्लफ मारला, म्हणजे हातात काही नसताना बेट. वरच्या मजल्यावरच्या काकांनी दश्शी-अठ्ठीने, म्हणजे दुसऱ्या जोडीने, कॉल केला आणि हात नेला.

वही उघडून बघितली. दोन महिन्यांत रिव्हरला मी २६ वेळा बेट लावली, त्यातल्या २४ वेळा अर्ध्या पॉटच्या आसपास. मला वाटायचं सगळ्याच हातांना एकच माप लावलं की समोरच्याला काही कळणार नाही. पण भाऊ परवा निघताना म्हणाला, "ताई, तू रिव्हरला बेट लावलीस की मला कधी अवघड जात नाही." ते वाक्य लागलं मला.

मी कॉस्टिंगमध्ये काम करते. दिवसभर एका सुट्या भागाचा दर काढते. तिथे दर कशावरून काढायचा हे मला माहीत आहे. इथे कशावरून काढायचा?

---

सिंहगडरोड_शुक्रवार · शनिवार, दुपारी १२.०५

एवढं डोकं लावायचं काम नाही. हात जबरदस्त असेल तर मोठी बेट, बरा असेल तर छोटी, काही नसेल तर चेक. घरच्या टेबलावर लोक बघायलाच कॉल करतात, त्यामुळे ब्लफ पूर्ण बंद. मी तीन वर्षं असंच खेळतोय आणि पुढे आहे. एक्का-राजाला मी ४०० लावले असते.

---

गुलटेकडी_गाळा · शनिवार, दुपारी ३.४०

ताई, मार्केटयार्डात फुलबाजारात आमचा गाळा आहे. पहाटे चारला कामाला लागतो, त्यामुळे शुक्रवारी रात्री मी कधीच खेळत नाही, रविवारी दुपारी खेळतो. तुम्ही दराचं म्हणालात म्हणून लिहायला बसलो.

झेंडू किती टपोरा आहे एवढ्यावर भाव निघत नाही. समोर कोण उभा आहे, त्याला आज माल हवाच आहे का, हे आधी बघावं लागतं. रिव्हरची बेट हा असाच बोललेला भाव आहे. माझी पानं बघायची असतील तर एवढे दे. म्हणून पहिला प्रश्न "माझा हात किती मोठा" हा नाहीच. पहिला प्रश्न असा की त्याच्याकडे कोणकोणते हात असू शकतात आणि त्यातले कोणते कोणत्या भावाला तयार होतील.

तुमचा पहिला हात घेऊ. भावाने तीन वेळा चेक केला, दोनदा कॉल केला. मी कागदावर त्याचे हात मांडले. एक राजा टेबलावर, एक तुमच्याकडे, म्हणजे त्याच्यासाठी दोनच उरले. राजा-राणीच्या जोड्या ८ (दोन राजे गुणिले चार राण्या), राजा-गुलाम ८, राजा-दश्शी ८. राजासोबत अठ्ठी, छक्की, पंजी किंवा चार, एकाच रंगाचे, प्रत्येकी २, म्हणजे आणखी ८. एकूण ३२ राजे, सगळे तुमच्या खाली.

मग नव्व्या. एक्का-नव्वी ९ (तुमच्याकडे एक एक्का आहे हे धरून). एकाच रंगाच्या राणी-नव्वी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी, नव्वी-अठ्ठी प्रत्येकी ३, त्या १२. दश्शीची जोडी ६. झाले २७.

तुमच्या वरचे: राजा-नव्वी ६, नव्वी, सत्ती आणि तिर्री यांचे सेट (हातात जोडी, टेबलावर तिसरं) प्रत्येकी ३, शिवाय राजासोबत एकाच रंगाची सत्ती, तिर्री, दुर्रीवाले मिळून ४. कागदावर १९ होतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी फ्लॉपला किंवा टर्नला रेझ केला असता, म्हणजे बेट वाढवली असती. मी ८ धरतो. हुकलेले ड्रॉ २० धरतो, ते कुठल्याही बेटला जातीलच. एकूण ८७.

आता वेगवेगळे भाव बोलून बघू. तो शेवटी रेझ करेल ही शक्यता सध्या बाजूला ठेवतो. फायदा म्हणजे बेट गुणिले, खालचे किती कॉल करतात वजा वरचे किती.

१७० लावले तर राजे आणि नव्व्या सगळेच येतील. ५९ वजा ८, म्हणजे ५१. हाताला सरासरी १०० चिप्स.

२५० लावले तर राजे सगळे, पण नव्व्यांतले अर्धेच, धरा १३. ४५ वजा ८, म्हणजे ३७. सरासरी १०६.

५०० लावले तर नव्व्या गेल्या, लहान राजांतले अर्धे गेले. २८ वजा ८, म्हणजे २०. सरासरी ११५.

१००० लावले तर राजा-राणी सगळे आणि राजा-गुलामातले अर्धे. १२ वजा ८, चारच उरले. सरासरी ४६.

म्हणजे तुमचे २५० ही काही घोडचूक नव्हती. फरक ९ चिप्सचा. पण ५०० च्या पुढे कडा कसा तुटतो ते बघा. बेट वाढवली की खालचे पळतात आणि वरचे तिथेच बसून राहतात. एक्का-राजा टेबलावर कितीही चांगला दिसला तरी कॉल करणाऱ्यांत तो निम्म्याहून जास्त वेळा पुढे असला पाहिजे. नसेल तर ती व्हॅल्यू बेट, म्हणजे खालच्या हातांकडून घेण्यासाठी लावलेली बेट, नव्हेच.

आणि हा हिशेब पूर्णपणे त्या एका माणसावर टेकलेला आहे. राजा असला की हा कधी उठतच नाही असं असेल, तर ५०० ला सरासरी १३८ आणि १००० ला २७६. पानं तीच, टेबल तेच, उत्तर उलटं.

सिंहगडरोड यांना एकच सांगतो. मोठा हात मोठी बेट, मधला छोटी, हे नव्या लोकांपुढे चालतं. पण ताईंच्या टेबलावर तेच सहा जण दर आठवड्याला बसतात. भाऊ दोन शुक्रवारांत ओळखेल की ५०० म्हणजे खरं. मग राजा-दश्शी आरामात टाकून देईल, आणि ५०० ला फक्त सेट कॉल करतील. मोठ्या बेटला भाव मिळत राहायचा असेल तर त्याच मापात काही रिकामे हातही असावे लागतात. फुलाच्या धंद्यात रिकामी करंडी विकता येत नाही. इथे विकावी लागते, आणि किती, तेही मोजून.

तेवढी मोजणी सोपी आहे. पॉटएवढी बेट लावली की समोरच्याला १५०० साठी ५०० घालावे लागतात. तीनांतून एकदा जिंकला तरी त्याची बरोबरी. म्हणून तुमच्या त्या बेटमध्ये तीनांत एक ब्लफ असावा, दोन खऱ्यामागे एक. अर्ध्या पॉटला चारांत एक, तीन खऱ्यामागे एक. दुप्पट पॉटला पाचात दोन. माप मोठं तितके ब्लफ जास्त. बहुतेक लोक नेमकं उलट करतात, छोट्या बेटने ब्लफ मारतात कारण त्यात हरलं तर कमी जातं.

आता तुमची रेंज. या वेळी तुमच्या हातातली दोन पानं विसरा आणि बटनवरून इथवर तुम्ही जे जे हात घेऊन आला असतात ते सगळे मांडा. पॉटएवढ्या बेटला लायक: एक्क्यांची जोडी ६, एक्का-राजा १२, राजा, नव्वी, सत्ती आणि तिर्री यांचे सेट १२, एकाच रंगाची राजा-नव्वी ३. एकूण ३३. त्यामागे १६ ब्लफ हवेत. सगळ्यांना अर्धा पॉट लावायचा असेल तर ११ पुरेत. आणि सेट व राजा-नव्वी एवढेच १५ हात वेगळे काढून दुप्पट पॉट लावलात तर त्यांच्यामागे १०.

राजा-राणी, राजा-गुलाम यांचं काय? ते मधले हात आहेत, मोठी बेट त्यांना झेपत नाही. त्यांना १६०-१७० लावून नव्व्यांकडून घ्यायचं, किंवा चेक करून दाखवायचं. त्यांना ५०० लावलेत तर हरणाऱ्यांतले बरेच जातील.

संध्याकाळी गाळ्यावर गर्दी आहे, दुसऱ्या हाताबद्दल नंतर लिहितो.

---

कर्वेनगर_कॉस्टिंग · शनिवार, रात्री ९.१५

काका, खूप आभार. जेवण झाल्यावर सगळं वहीत उतरवलं आणि तुमच्या ८ च्या जागी वेगवेगळे आकडे घालून बघितले. वरचे हात ८ ऐवजी १४ धरले तर ५०० ची बेट २५० च्या खाली जाते: १४ गुणिले ५०० म्हणजे ७०००, आणि ३१ गुणिले २५० म्हणजे ७७५०. एवढ्याशा बदलाने उत्तर पालटतं. भाऊ सेट फ्लॉपवर रेझ करतो की दाबून ठेवतो, यावर सगळं आहे. आणि नेमकं तेच मी कधी टिपून ठेवलेलं नाही. वहीत फक्त कोण जिंकलं ते आहे.

दोन शंका. १६ ब्लफ हवेत, पण माझ्याकडे हुकलेले हात त्याहून कितीतरी जास्त असणार. कोणते निवडायचे? आणि दुसरी, माझा एक्का-पंजीचा ब्लफ. बदाम एक्का हातात होता, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकांकडे मोठा फ्लश ड्रॉ नाही हे मला पक्कं माहीत होतं. मग तो चांगला ब्लफ नव्हता का?

---

पाषाण_पायथन · रविवार, रात्री १२.३०

शेवटच्या शंकेवर मी मुद्दाम लॉगिन केलं, कारण याच चुकीने मी वर्षभर चिप्स वाटल्या आहेत.

बदाम एक्का आणि बदाम पंजी तुमच्याकडे म्हणजे दोन बदाम त्याच्याकडे नाहीत. हुकलेले फ्लश ड्रॉ हे त्याच्या रेंजमधले असे हात आहेत जे तुमच्या बेटला नक्की पळणार होते. ते तुम्ही स्वतःच्या हातात धरून बसलात. मग त्याच्याकडे उरलं काय? राण्या, अठ्ठ्या. म्हणजे कॉल करणारे. ब्लफसाठी पानं निवडताना दोन गोष्टी बघा: माझ्या पानांमुळे त्याचे कॉल करणारे हात कमी होतात का, आणि पळणारे हात शाबूत राहतात का.

शिवाय एक्का-पंजी हा पूर्ण रिकामा हात नाही. चेक करून दाखवला असता तर हुकलेल्या गुलाम-दश्शीला, दश्शी-नव्वीला तो हरवतो. ब्लफसाठी असा हात घ्यावा जो दाखवून कधीच जिंकणार नाही. त्या टेबलावर बदाम नसलेली गुलाम-दश्शी जास्त चांगली.

पहिल्या टेबलावर तेच लावा. राणी-गुलाम, एकही इस्पिक नसलेले, ९ होतात. त्यांच्यामुळे त्याच्या राजा-राणी आणि राजा-गुलामाच्या जोड्या कमी होतात, आणि इस्पिकचे हुकलेले ड्रॉ त्याच्याकडे तसेच राहतात. गुलाम-दश्शी इस्पिक नसलेली आणखी ९. झाले १८, तुम्हाला १६ हवे होते. इस्पिकचे हुकलेले फ्लश बहुतेक सगळे चेक. डोळ्याला उलटं दिसतं हे, मला पचायला वेळ लागला.

काकांच्या दश्शी-अठ्ठीच्या कॉलबद्दल: त्यांना बघायची हौस असेलही, पण अर्ध्या पॉटला तो कॉल हिशेबाने बरोबर आहे. तुमच्या २४० च्या ब्लफला तीनांत एकदा पळाले तरी तुमची बरोबरी होते, म्हणून त्यांनी दोन तृतीयांश हातांनी थांबायला हवं. दोन तृतीयांशांत दुसरी जोडी येतेच. पॉटएवढी लावली असती तर निम्म्याच हातांनी थांबणं पुरेसं होतं, आणि तिथे दश्शी-अठ्ठी काठावर आली असती. भाऊ "अवघड जात नाही" म्हणतो ते यामुळेच. अर्धा पॉट त्याच्या मधल्या हातांना प्रश्न विचारतच नाही.

ही कल्पना नवी नाही. गणिती फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली जे पोकरचं सोपं रूप मांडलं, त्यात बेट लावणारा सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट हातांनी बेट लावतो आणि मधले चेक करतो. खालून वर एक, दोन, तीन अशी चढती बेट नाही. आणि २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० हातांमध्ये हरवलं, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात राहिल्या त्या त्याच्या पॉटपेक्षा कितीतरी मोठ्या बेट. माणसांनी तेव्हा सवयीने अर्धा ते पाऊण पॉट हेच माप पकडलेलं होतं.

दुप्पट पॉट कधी लावायचा? त्याची रेंज वरून कापली गेलेली असेल तेव्हा. म्हणजे त्याने आधी जे केलंय त्यावरून मोठे हात त्याच्याकडे नाहीतच, आणि तुमच्याकडे आहेत. तुमच्या पहिल्या हातात तो सेट दाबून ठेवणारा नसेल तर तसंच होतं. रिव्हरला फ्लश पूर्ण झाला असता तर चित्र पालटलं असतं, कारण कॉल करत आलेल्याकडेच फ्लश जास्त असतात. तिथे एक्का-राजाला दीडशेच्या वर लावायला माझा हात धजणार नाही.

हे सगळं तुम्ही बटनवर, शेवटी बोलणाऱ्या असताना. आधी बोलायचं असेल तर गणित वेगळं आहे. तिथे चेक केलं की हात संपत नाही, तो त्याला हवी ती मोठी बेट लावू शकतो. म्हणून मधल्या हातांना पाव किंवा तिसरा भाग लावून भाव आपणच ठरवायचा. पण मग त्याच छोट्या बेटमध्ये एखाददुसरा सेटही ठेवा, नाहीतर तो प्रत्येक वेळी रेझ करून उठवेल.

---

गुलटेकडी_गाळा · रविवार, सायंकाळी ६.१०

पाषाणकरांनी दुसऱ्या हाताचं माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. मी फक्त एका ठिकाणी अडतो. दुप्पट पॉट, दहा ब्लफ, हे बरोबर आहे, पण ते बरोबरीचा हिशेब जाणणाऱ्या माणसापुढे. ताईंच्या टेबलावर काका दुसरी जोडी सोडत नाहीत आणि भाऊ राजा सोडत नाही असं दिसतंय. अशांसमोर १६ ब्लफ मोजून मारणं म्हणजे दुकानात न आलेल्या गिऱ्हाईकाला सूट देणं. आधी माणूस टिपा. सोडतो असं दिसलं तर ब्लफ वाढवा, सोडत नसेल तर कमी करा आणि खऱ्या हातांचा भाव चढवा. मोजलेले आकडे हे मधला काटा म्हणून डोक्यात हवेत, कुठून किती हललो ते कळायला.

आणि टेबलावर बसून ८७ जोड्या कोणी मोजत नाही. मीही नाही. मी रविवारी रात्री दोन हात घेऊन मोजतो, पाऊण तास. खेळताना मग तीनच गोष्टी विचारतो: तो कशाने कॉल करेल, त्याचं वरचं टोक कापलेलं आहे का, आणि या मापात मी अजून कोणते हात घालणार आहे.

---

कर्वेनगर_कॉस्टिंग · पुढचा शनिवार, सकाळी १०.४५

काल खेळलो. दोन हात सांगते.

पहिला. माझ्याकडे राजा-गुलाम, टेबलावर सगळ्यात मोठं पान राजा, पॉट ३६०, समोर वरच्या मजल्यावरचे काका. आधी मी इथे १८० लावले असते किंवा घाबरून चेक केलं असतं. काल १२० लावले. काकांनी दुसऱ्या जोडीने कॉल केला, पानं टाकताना म्हणाले, "आज स्वस्तात दाखवलंस." मला मनापासून आनंद झाला, चिप्सचा नाही, लावण्याआधी कोण कॉल करेल हे ठरवलं होतं आणि तेच हात समोर आले याचा.

दुसरा, भावासमोर. फ्लॉप किलवर राजा, किलवर दश्शी, बदाम पंजी. टर्न चौकट दुर्री, रिव्हर इस्पिक सत्ती. माझ्याकडे बदाम राणी आणि चौकट गुलाम, स्ट्रेट हुकलेला, एकही किलवर नाही. तुम्ही म्हणालात तसाच हात. पॉट ४२०. मी ४२० लावले. पहिल्यांदाच असं झालं की भाऊ दोन सेकंदांत बोलला नाही. पंखा फिरतोय, खाली कोणीतरी गाडी लावतंय, आणि तो माझ्या चिप्सच्या गठ्ठ्याकडे बघत बसलाय. दीड-दोन मिनिटं गेली. मग राजा-अठ्ठीने कॉल केला आणि हात नेला.

वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण घरी सगळे गेल्यावर हात परत मांडला आणि ब्लफ बदलावासा वाटला नाही, पानं योग्य होती. बदलायचा तो माणूस. त्याने राजा दोन्ही वेळा सोडला नाही, एकदा २५० ला, एकदा पॉटएवढ्याला. वहीत आता नवं पान केलंय: प्रत्येकाच्या नावाखाली, रिव्हरला किती बेट आली, काय हातात होतं, थांबला की गेला. भावाच्या पानावर दोन ओळी झाल्या आहेत. पुढच्या वेळी एक्का-राजा आला आणि असंच कोरडं टेबल (फ्लश, स्ट्रेट न झालेलं) असलं तर त्याला १००० लावायचे ठरवलंय, आणि राणी-गुलाम चेक.

---

गुलटेकडी_गाळा · पुढचा शनिवार, दुपारी २.३०

दोन ओळींवर १००० नको, ताई. दीड-दोन मिनिटं विचार केला म्हणालात ना? म्हणजे तो सोडण्याच्या जवळ आला होता. पुढचा एक्का-राजा ६०० ने विचारा. त्याच्या पानावर पंधरा-वीस ओळी झाल्या की मला पाठवा, रविवारी बसून मोजू.